वही कुलपात ठेवून नीटचे मार्क वाढत नसतात

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या बाजूच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलंय. घरची भातशेती, थोडे काजू. मुलगी पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेऊन सेकंड पीयू, म्हणजे बारावी, 84 टक्क्यांनी पास झाली, मेडिकलच्या नीटला 720 पैकी 312 पडले, मग धारवाडला लाँग टर्मला, म्हणजे नीट परत देणाऱ्यांच्या वर्षभराच्या क्लासला घातली तर 298. आता परत लाँग टर्म, परत नीट. मुलगी म्हणते मला डॉक्टर व्हायचं नाही, मला बेडूक, वटवाघळं, रान यांच्यावर संशोधन करायचंय. वडिलांचा प्रश्न असा की हिला समजवायचं कसं, आणि अगदीच ऐकत नसेल तर निदान आरएफओ (रेंज फॉरेस्ट ऑफिसर) तरी होईल असा कोर्स सांगा.

भाऊ, मार्कांचं नंतर बघू. तुमच्या पत्रात दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की पोरीची बेडकांची वही कपाटात कुलूप लावून ठेवलीय, नीट झाली की देईन. आणि तिला किती वेड लागलंय ते मला पटावं म्हणून त्यातल्या काही ओळी उतरवून पण पाठवल्यात. त्या अशा:

"8 जून. 7.15 ते 7.30. पाऊस थांबून तास झाला. विहिरीमागचा खड्डा, तीन जातींचे आवाज, एक ओळखीचा नाही.
9 जून. 7.15 ते 7.30. पाऊस नाही. आवाज नाही.
10 जून. 7.15 ते 7.30. भुरभुर. आवाज नाही. म्हशी जवळून गेल्या."

तुम्ही हे तक्रार म्हणून पाठवलंत, पण मला 9 आणि 10 जून बघून बरं वाटलं. त्या दोन दिवशी काहीच घडलं नाही, तरी पोर ठरल्या वेळेला जाऊन पंधरा मिनिटं चिखलात बसली आणि "आवाज नाही" असं लिहून उठली, वर म्हशी गेल्या ते पण लिहिलं कारण बेडकं कदाचित त्यांच्यामुळे गप्प झाली असतील असं तिच्या डोक्यात आलं असणार. हे तिला कुणी शिकवलं नसेल तर मग तिला अडवण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण या फिल्डबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, आणि तो तुमच्याइतकाच ह्या वाटेला येऊ बघणाऱ्या पोरापोरींच्या डोक्यात पण असतो, की फिल्ड रिसर्च म्हणजे गळ्यात कॅमेरा, जीपमधून फिरणं, वाघ दिसला की इन्स्टाला टाकणं. तसलं काही नाही हो. त्याच त्या जागेला, त्याच वेळेला, त्याच पद्धतीनं परत परत जायचं आणि जे दिसलं नाही ते पण लिहायचं. बेडकाचा आवाज आला नाही म्हणजे बेडूक तिथं नाहीच, की आहे पण त्या दिवशी गप्प आहे? एका फेरीत हे कळत नाही. दहा वेळा गेलं, चार वेळा आवाज आला, सहा वेळा नाही, अशा नोंदी बऱ्याच जागांच्या जमल्या की असलेला बेडूक आपल्या कानाला सापडण्याची शक्यता किती ह्याचा हिशोब मांडता येतो, आणि मग "इथं बेडूक उरला नाही" हे वाक्य थोड्या खात्रीनं म्हणता येतं. वाघांची मोजणी पण ह्याच घरातली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, कॅमेरा ट्रॅपमध्ये (रानात बांधलेले, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) तेच तेच वाघ किती वेळा परत आले त्यावरून फोटोत न आलेले किती असतील ते काढतात. म्हणजे सगळा खेळ शेवटी गणिताचा. ज्यांनी फक्त आलेला आवाज लिहिला आणि न आलेला सोडला त्यांच्या वहीचा ह्या हिशोबाला उपयोग नाही. तुमच्या कपाटातल्या वहीचा आहे. आणि पोरीनं पीसीएमबीत मॅथ्स घेतलंय ते बेस्टच झालं, ते सोडू देऊ नका.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. पत्रात लाँग टर्मची फी तुम्ही दोन ठिकाणी लिहिलीय, गल्लीतल्या कुणाची तरी मुलगी हुबळीला एमबीबीएसला लागली ते पण लिहिलंय, पण स्वतःची मुलगी सध्या कशी आहे, जेवते का, घरात बोलते का, ह्याबद्दल एक ओळ नाही. वर्षभर फक्त नीटचाच अभ्यास केल्यावर 312 चे 298 झालेत. डोकं नसलेल्या पोरीला सेकंड पीयूला 84 टक्के पडत नाहीत. मन नसलं की असं होतं, माझ्याकडे येणाऱ्या लाँग टर्मच्या मुलांत हे मी नेहमी बघतो, दुसऱ्या वर्षी मार्क तिथंच राहतात किंवा खाली येतात आणि पोरं अबोल होतात, मग आईवडील म्हणतात मोबाइलमुळे. तुमच्या पोरीकडे तर स्वतःचा मोबाइल पण नाही, वहीच होती, ती पण काढून घेतली. वही आजच देऊन टाका. नीट झाल्यावर वगैरे नको. पाऊस काय नीटच्या निकालासाठी थांबत नाही, आणि मधला एखादा जून महिना गेला की त्या वर्षाची नोंद कायमची गेली.

तुम्हाला वाटतं हे बेडूक-बिडूक आपल्याकडे कोण विचारतंय. भाऊ, तुमच्याच तालुक्यातलं सांगतो. भीमगडातल्या तळेवाडीजवळची बारापेडे गुहा तुम्हाला माहीत असेल. तिथल्या वटवाघळाची, रॉटनच्या वटवाघळाची, 1913 साली शास्त्रात पहिली नोंद झाली आणि नंतर कितीतरी वर्षं त्याचं जगातलं माहीत असलेलं ठिकाण ते एकच होतं. भीमगडला 2011 मध्ये अभयारण्य केलं त्यात त्याचाही वाटा आहे. 2007 मध्ये चोर्ल्याकडून एक देवगांडूळ (बेडकाच्याच गटातला, गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा प्राणी) नवीन जात म्हणून नोंदलं, त्याला म्हादई नदीचं नाव दिलंय. तुम्ही भाताच्या बांधावर ते गांडूळ समजून बाजूला फेकलं असेल. पलीकडे आंबोलीच्या कातळाच्या सड्यावर उथळ डबक्यात अंडी घालणारा टोड (खरबरीत अंगाचा बेडूक) 2009 मध्ये नवीन म्हणून जाहीर झाला, आणि आंबोलीला तर पर्यटक किती वर्षं भजी खात उभे होते. तिला जो "ओळखीचा नाही" असा आवाज आला तो बहुतेक साध्याच जातीचा असेल, नवी जात वगैरे डोक्यात भरू नका तिच्या, पण अजून न बघितलेलं भरपूर आहे आणि ते तुमच्या दारात आहे.

"मुलीची जात, रानात एकटी कशी फिरणार" हे तुमचं वाक्य मी सोडून देत नाही. एकट्यानं कुणीच फिरत नाही, मुलगा असला तरी. टीम असते, गावातला वाट माहीत असलेला माणूस असतो, अभयारण्यात तर वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. आणि सगळं काम जंगलातच असतं असं पण नाही. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी बिबट्यांवरचं काम नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात उसाच्या फडात आणि वस्त्यांच्या मधोमध केलं, तिथं जंगल नव्हतंच म्हणून तर त्या कामाची चर्चा झाली. ऊस तर आपल्या जिल्ह्यात ढीगभर आहे. अजून एक, तुमच्या पोरीला मराठी घरातून, कन्नड शाळेतून आणि कोकणी चोर्ल्याच्या पाहुण्यांकडून येत असणार. बेंगळुरूहून आलेल्या रिसर्चरला कणकुंबीत म्हाताऱ्यांशी बोलायला दुभाषा लागतो, हिला लागणार नाही. इंग्रजी वाचन मात्र वाढवावं लागेल, सगळे पेपर त्यातच असतात.

आरएफओचं थोडक्यात: ती नोकरी चांगली आहे, पण वणवे, अतिक्रमण, केसेस, कोर्ट, फायली असं ते प्रशासन आहे. संशोधनाच्या जवळ जायचं म्हणून तिला तिकडं ढकलू नका, तिलाच वाटलं तर बघेल.

पैशाचं खोटं बोलणार नाही. एमएस्सीपर्यंत कमाई नाही असं धरा. नेट परीक्षा पास होऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की सध्या महिना 37,000 आणि वर घरभाडं, पण ते पीएचडी चालू असताना. त्याआधी आणि त्यानंतरही प्रोजेक्टवरची कामं वर्षा-दोन वर्षांच्या कराराची, प्रोजेक्ट संपला की परत शोधा. कायमची जागा तिशी ओलांडल्यावर मिळाली तरी नशीब. एमबीबीएसवाल्या शेजारणीशी तुलना करत बसणार असाल तर दहा वर्षं तुम्हाला झोप लागणार नाही आणि तिला पण लागू देणार नाही.

रस्ते नेहमीचेच: झूऑलॉजी किंवा बॉटनी घेऊन बेळगाव-धारवाडला बीएस्सी, नाहीतर कर्नाटकच्या सीईटीतून सिरसीचं फॉरेस्ट्री कॉलेज, आयसरला (केंद्राच्या विज्ञान संस्था) बारावी होऊन किती वर्षं चालतात त्याची अट असते ती आत्ताच बघून घ्या, पुढे डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट किंवा बेंगळुरूच्या एनसीबीएसचं वाइल्डलाइफ एमएस्सी, त्यापुढे बेंगळुरूच्याच आयआयएस्सी, एट्री या संशोधन संस्था. डिग्री कुठली ह्यापेक्षा सुट्टीत कुणाच्या हाताखाली काम केलं ते पुढे जास्त विचारतात.

तिला एवढं सांगा की बेडूक हातात धरायचा नाही, रात्री भीमगडाच्या हद्दीत जायचं नाही, आणि आवाज घरच्या फोनवर रेकॉर्ड करून तारीख-जागेसकट आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकायला सुरू करायचं. जुन्या पानांचे फोटो काढून ठेवा, घरात वाळवी लागते.

सीईटीच्या फॉर्ममध्ये शेतकरी कोट्याचा रकाना असतो, त्याचे नियम वाचा, तुम्ही बसत असाल तर कागद आत्तापासून जमवा, तहसीलदार ऑफिसात शेवटच्या आठवड्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नीटचा फॉर्म परत भरायचा का ते तिला विचारा आणि नाही म्हणाली तर भरू नका. पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू दे, त्या अनोळखी आवाजाचं पुढे काय झालं ते मला विचारायचंय.