गाडी धंद्याची, पॉलिसी घरच्या गाडीची: वाचकांचे प्रश्न

या वेळी जवळपास सगळे प्रश्न टेम्पो, ट्रक, पिकअपवाल्यांचेच आलेत. वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, प्रीमियम किती यावर लोक अर्धा तास घासाघीस करतात पण पॉलिसीवर गाडीचा वापर काय लिहिलाय ते कोणी बघतच नाही, आणि क्लेम नेमका तिथे अडकतो. म्हणून काही उत्तरं लांबलीत, पण पूर्ण वाचा.

प्रश्न: नमस्कार ताई, आमची बेकरी आहे. पांढऱ्या नंबरप्लेटची ईको माझ्या नावावर आहे, पहाटे पाव आणि खारी दुकानांना टाकतो, संध्याकाळी घरच्यांना घेऊन जातो. इन्शुरन्स फुल आहे. एजंट म्हणतो बिनधास्त रहा. खरंच काही प्रॉब्लेम नाही ना? — बेकरीवाले, सांगली

उत्तर: प्रॉब्लेम आहे दादा, आणि मोठा आहे. पॉलिसी काढा आणि त्यात ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ असं लिहिलेली ओळ शोधा. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत तिथे स्पष्ट असतं की गाडी भाड्याने द्यायची नाही आणि तिच्यातून माल वाहायचा नाही, सॅम्पल आणि स्वतःचं सामान एवढंच चालतं. धंद्याच्या कामासाठी गाडी वापरलीच तर पॉलिसी बाद असं नाही हं, तुम्ही मैद्याच्या व्यापाऱ्याला भेटायला गेलात, बँकेत गेलात, पिशवीत चार सॅम्पल घेऊन नवीन दुकानदाराकडे गेलात तर काहीच अडचण नाही. पण रोज पहाटे पंचवीस ट्रे पाव टाकणं म्हणजे मालवाहतूकच झाली. पाव तुमचाच असला तरी.

एजंटनं सांगितलं ते तोंडी आहे, क्लेमच्या वेळी कंपनी छापलेलं बघते. गाडी पावाच्या ट्रेंनी भरलेली असताना ठोकली आणि नुकसान तपासायला आलेल्या कंपनीच्या सर्व्हेअरनं फोटो काढले की तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, किंवा काही रक्कम कापून तडजोड होते. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं अमलेंदु साहू यांच्या केसमध्ये भाड्याने दिलेल्या प्रायव्हेट गाडीचा क्लेम पूर्ण न नाकारता ७५ टक्के द्यायला लावला होता, पण तिथवर पोचायला किती वर्षं जातात याचा विचार करा. आणि समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला तर कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावू शकतं आणि नंतर तेच पैसे तुमच्याकडून वसूल करायची मुभा देतं. मग बेकरी, घर, सगळंच पणाला लागतं.

लोक हे का करतात ते मला माहितीये, पैशात फार फरक पडतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात १००० ते १५०० सीसीच्या प्रायव्हेट कारचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियम ३,४१६ रुपये आणि भाड्याने माल वाहणाऱ्या ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीचा १६,०४९, वर जीएसटी. पण एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत, फक्त स्वतःचाच माल नेणाऱ्या गाडीसाठी प्रायव्हेट कॅरिअर असा वेगळा आणि कमी दर असतो, तो आवर्जून विचारा. मात्र तो घेतला की शेजारच्या दुकानदाराचा माल चार पैसे घेऊन न्यायचा नाही. आणि आधी आरटीओत गाडीची नोंद मालवाहू अशी हवी, नुसती पॉलिसी बदलून भागत नाही. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी गाडी घ्याल तेव्हा कार्गोवालीच घ्या. पोरगा स्वतःच्या मोटरसायकलवर पावाच्या पिशव्या टाकत असेल तर तिथेही हाच नियम लागू होतो, टू व्हीलरच्या पॉलिसीतही माल चालत नाही.

प्रश्न: ताई, माझा छोटा हत्ती आहे. टोमॅटोच्या सीझनला शेतकरी मालासोबत मार्केटला येतात, पुढे एक बसतो, बाकीचे मागे क्रेटवर. लग्नसराईत वऱ्हाडाचं भाडंही मारतो. अपघात झाला तर त्यांना इन्शुरन्स मिळेल का? — टेम्पोवाले, नारायणगाव

उत्तर: भाऊ, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलं, कारण हा प्रश्न बहुतेक लोक अपघातानंतर विचारतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात १९९४ ला दुरुस्ती झाली आणि मालवाहू गाडीतून मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस हा सक्तीच्या इन्शुरन्समध्ये आला. म्हणजे टोमॅटोचा मालक शेतकरी तुमच्या शेजारी केबिनमध्ये बसून मार्केटला चाललाय, तर त्याला कव्हर आहे. पण क्रेटवर बसलेल्याला नाही. सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय की मालाच्या मालकानं केबिनमध्येच बसायला पाहिजे, शिवाय आरसी बुकवर जेवढी सीट लिहिलीये त्यापेक्षा जास्त माणसं तिथेही चालत नाहीत. माल विकून रिकाम्या गाडीतून परत येताना तर ‘आता माल कुठाय’ म्हणून कंपनी हमखास वाद घालते.

वऱ्हाडाचं मात्र सरळ सांगते, नाही. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांसाठी कंपनी जबाबदार नाही हे सुप्रीम कोर्टानं आशा राणी केसमध्ये ठरवून टाकलंय. पैसे घेतले नाहीत, घरचंच लग्न होतं, देवाला चाललो होतो, यातलं काहीही चालत नाही. नुकसानभरपाई मालकानं भरायची.

ती किती असते याचा लोकांना अंदाज नसतो म्हणून हिशोब मांडून दाखवते. समजा २२ वर्षांचा, लग्न न झालेला, महिना १५,००० कमावणारा मुलगा मागे बसला होता आणि गेला. वर्षाचे झाले १,८०,०००. पुढे त्याची कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के धरतात, म्हणजे २,५२,०००. अविवाहित म्हणून स्वतःच्या खर्चाचे निम्मे वजा, राहिले १,२६,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात, २२ वर्षांला तो १८. झाले २२,६८,०००. अंत्यविधी वगैरेचे पैसे आणि व्याज वेगळं. हे एका माणसाचे, आणि वऱ्हाडात मागे वीस-पंचवीस जण असतात. तुमचा टेम्पो विकून त्यातलं किती भरलं जाईल? वऱ्हाड नाकारा भाऊ, पाहुणे रागावले तरी चालतील, त्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे ना. प्रवासी गाडीवाल्याचा नंबर द्या त्यांना.

प्रश्न: दहा टायर ट्रक आहे, चासी घेऊन बॉडी बाहेर बांधून घेतली. कसारा घाटात कठड्याला घासून कलंडला. क्रेनचं बिल, केबिनची पुढची बाजू, बंपर, लाइट असं बरंच कापून कंपनीनं क्लेम दिला. फुल इन्शुरन्स असताना असं कसं? — ट्रकमालक, कळंबोली

उत्तर: फुल इन्शुरन्स नावाची वस्तू नसते हो, दादा. पॅकेज पॉलिसी असते, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान एकत्र, आणि तिच्यात काय काय घातलंय त्यावर सगळं.

बंपर, हेडलाइट, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे पत्रे, टायर, रंग, हे कमर्शिअल गाडीच्या साध्या पॉलिसीत फक्त गाडी पूर्ण लॉस झाली तरच मिळतं, म्हणजे घासाघीस झालेल्या अपघातात नाही. त्यासाठी आयएमटी २३ नावाचं जास्तीचं कलम घ्यावं लागतं. आणि ते घेतलं तरी त्या त्या पार्टच्या ठरलेल्या नुकसानीचा निम्मा भाग मालकाकडेच राहतो. ट्रकच्या अपघातात पुढची बाजूच जास्त जाते त्यामुळे मी तरी हे कलम कोणाला सोडू देत नाही. रबर आणि प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा, म्हणजे पार्ट जुना झाल्याची वजावट, कापतात तो वेगळाच.

क्रेनचं म्हणाल तर मूळ पॉलिसीत मोठ्या कमर्शिअल गाडीला ओढून न्यायचा खर्च २,५०० रुपयांपर्यंतच असतो, घाटात भरलेला ट्रक उचलायला एवढ्यात क्रेनवाला फोनही नीट उचलत नाही. ही मर्यादा जास्तीचा प्रीमियम भरून वाढवून मिळते, वाढवूनच घ्या, तुमचा रोजचा रस्ता घाटाचा आहे.

बॉडीचं पण बघा. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, फक्त चासीच्या इनव्हॉइसवर धरली असेल आणि बॉडीचं बिल जोडलंच नसेल तर बॉडी तुमच्या पॉलिसीत नाहीच असं समजा, ट्रक चोरीला गेला तर तेवढे लाख गेले. रिन्यूअलला बॉडीचं पक्कं बिल द्या. आणि ट्रकमधल्या मालाचा या पॉलिसीशी काही संबंध नाही, त्याला मालवाल्याची ट्रान्झिट पॉलिसी लागते आणि तुमच्यावर येणाऱ्या जबाबदारीसाठी कॅरिअर्स लायबिलिटी पॉलिसी. गॅरेजात ट्रक उभा राहिला त्या दिवसांचा हप्ता आणि बुडालेलं भाडंही साध्या पॅकेजमध्ये मिळत नाही.

पुढच्या वेळी, म्हणजे वेळ येऊ नयेच, पण आली तर ट्रक हलवायच्या आधी कंपनीला फोन करून जागेवरचा सर्व्हे मागा, क्लेम नंबर लिहून घ्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वाहतूक अडलीये म्हणून पोलिसांनी हलवायला सांगितलं तर हलवा, पण फोटो आधी.

प्रश्न: पिकअपवर ड्रायव्हर, क्लीनर आणि कांदा भरायला दोन हमाल असतात, गाडी भागीदारी फर्मच्या नावावर आहे. १५ लाखाचा अपघात विमा सगळ्यांना लागू होतो ना? — कांदा व्यापारी, लासलगाव

उत्तर: नाही. तो १५ लाखाचा विमा गाडीच्या मालकाचा, आणि तोसुद्धा मालक माणूस असेल आणि त्याच्याकडे लायसन असेल तरच. फर्म किंवा कंपनीच्या नावावर गाडी असेल तर तो लागूच होत नाही, प्रीमियममध्ये धरला असेल तर काढून टाकायला सांगा. कामगारांसाठी पॉलिसीच्या प्रीमियमच्या रकान्यात ‘लीगल लायबिलिटी’ अशी ओळ असते आणि पुढे माणसांचा आकडा, तिथे एकच लिहिलं असेल तर तो ड्रायव्हरचा. क्लीनर आणि हमालांचा आकडा वाढवून घ्या, दर माणशी प्रीमियम अगदी किरकोळ आहे, आणि ती माणसं तुमचं घर चालवतात. हे घेतलं नाही तर कामगारांच्या भरपाईच्या कायद्याखाली त्यांचे पैसे फर्मला खिशातून द्यावे लागू शकतात. ड्रायव्हरचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढता येतो, तोही काढा.

प्रश्न: ड्रायव्हरकडे फक्त एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन आहे, ट्रान्सपोर्टचा (धंद्याच्या गाडीचा) शिक्का नाही. चालेल का? — पाणी जारवाले, चाकण

उत्तर: एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर चालेल. यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, २०१७ ला मुकुंद देवांगन केसमध्ये निकाल लागला आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तोच कायम केला. आरसीवरचं ग्रॉस वेट बघा, रिकाम्या गाडीचं नाही. लायसनची मुदत संपलेली नको एवढं मात्र दर वेळी तपासा.

प्रश्न: जेसीबी नाल्याच्या काठावर काम करताना उलटला. इन्शुरन्स चालू आहे. मिळेल ना? — अर्थमूव्हर्सवाले, बीड

उत्तर: आयएमटी ४७ हे कलम बघा तुमच्या पॉलिसीत. रस्त्यावरून जाताना उलटला तर वेगळं, पण खोदकाम चालू असताना उलटला तर ते नुकसान जास्तीचा प्रीमियम भरला असेल तरच मिळतं. जेसीबी, क्रेन, बोअरची गाडी ही कामावरच उलटतात, म्हणून हे कव्हर नसलेली पॉलिसी म्हणजे अर्धीच.

प्रश्न: टेम्पो विकून सहा महिने झाले, घेणाऱ्यानं नाव चढवलं नाही, आता अपघात झालाय आणि नोटीस मला आलीये. — वाचक, मिरज

उत्तर: नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका, हे आधी. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, २०१८ च्या नवीन कुमार केसमध्ये कोर्टानं हेच धरलं, त्यामुळे ‘मी विकला होता’ एवढं म्हणून सुटका होत नाही. त्या दिवशी गाडीची थर्ड पार्टी पॉलिसी चालू होती का ते लगेच शोधा, चालू असेल तर कंपनीला लेखी कळवा म्हणजे त्यांचा वकील उभा राहील. विक्रीचा करार, पैसे मिळाल्याची बँक एंट्री, डिलिव्हरी नोट, सगळं घेऊन वकिलाकडे जा. जे अजून विकणार आहेत त्यांनी नाव बदलेपर्यंत पूर्ण कागद आणि ताबा देऊच नये. आणि घेणाऱ्यानं १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्यावा, नाहीतर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम त्यालाही मिळत नाही.

प्रश्न: क्लेम रिजेक्ट झाला असं फोनवर सांगितलं. आता काय? — पोल्ट्रीवाले, सातारा

उत्तर: फोनवरचं रिजेक्शन मानू नका. पॉलिसीचं कोणतं कलम मोडलं ते लिहून द्या असं ईमेलवर मागा, आणि सर्व्हे रिपोर्टची कॉपीसुद्धा मागा, तो तुमचा हक्क आहे. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी निवाडणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा, त्यांची ऑफिसं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही आणि वकीलही लागत नाही. गाडी स्वतःच्या किंवा प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्याच्या नावावर असेल तर तिथे जाता येतं. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जा, आणि तोपर्यंत मोडलेले पार्ट भंगारात देऊ नका.