शयनखोली बुटीक हॉटेलसारखी वाटावी यासाठी काय करावे?

नवे फर्निचर घेण्याआधी प्रकाश बदलावा, कारण छतावरची पांढरीफेक ट्यूबलाइट कितीही देखण्या खोलीला दवाखान्याची कळा आणते. तिच्याऐवजी पलंगाच्या दोन्ही बाजूंना 2700 केल्विनचे, पिवळसर उजेडाचे एलईडी दिवे लावावेत आणि त्यांची बटणे पडल्या पडल्या हाताला येतील अशी घ्यावीत. चादरी पांढऱ्या, शुद्ध सुती आणि 200 ते 300 थ्रेड काउंटच्या (म्हणजे एका चौरस इंचात तितके उभे-आडवे धागे असलेल्या) पुरतात. हजाराचा आकडा बहुधा पिळातले धागे सुटे मोजून आलेला असतो, त्याला भुलू नये. टॉवेल 500 जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाच्या) आसपासचे घ्यावेत, कारण त्याहून जाड टॉवेल कोकणातल्या पावसाळ्यात वाळता वाळत नाहीत. कपाटावर रचलेल्या बॅगा आणि रिकामी खोकी मात्र आजच हलवावीत. त्याला खर्चही नाही.