गोव्यातल्या फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम नक्की कसलं, फुटबॉलचं की क्रिकेटचं? सामना बघायला येतोय, तिथे सोयी कशा आहेत?

फुटबॉलचं. मी मडगावात राहतो आणि याबद्दल माझं मत ठाम आहे.

घोळ होण्याचं कारण मात्र खरं आहे. 1989 साली स्टेडियम उभं राहिलं आणि त्याच ऑक्टोबरात इथे ऑस्ट्रेलिया-श्रीलंका एकदिवसीय सामना झाला. 2001 मध्ये लक्ष्मणने ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक ठोकलं, तरी सामनाही गेला आणि मालिकाही. 2010 चा भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसाने एकही चेंडू न पडता धुऊन काढला.

क्रिकेटची खूण आजही दिसते. मैदान लंबगोल असल्यामुळे टचलाइन (फुटबॉल मैदानाची बाजूची रेषा) आणि पहिली रांग यांच्यामध्ये हिरवळीचा रुंद पट्टा उरतो. गोलपोस्टमागे बसलात तर पलीकडच्या गोलपुढच्या भागात (डीमध्ये) काय चाललंय ते धड कळत नाही. तिकीट काढताना बाजूचा स्टँड बघा, आणि शक्यतो वरच्या रांगा.

आता फुटबॉल. 2006-07 ते 2012-13 असे सलग सात मोसम फुटबॉलची राष्ट्रीय लीग गोव्याच्याच क्लबांनी जिंकली: धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर. एवढ्याशा राज्याचा हा पराक्रम देशात फारसा कुणाला ठाऊकच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2014 पासून एफसी गोवा या क्लबचं हे घरचं मैदान. 2015 ची इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल इथेच झाली. 87व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा 2-1 ने पुढे गेला, करंडक हातात आल्यासारखाच होता, आणि शेवटच्या काही क्षणांत दोन गोल खाऊन चेन्नईयिनकडून 3-2 ने हरला. मडगावात तो विषय काढलात तर अजूनही लोक हळहळतात. 2021 मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब एफसी गोवा, आणि ते सामनेही इथलेच. ऑक्टोबर 2025 मध्ये सौदी अरेबियाच्या अल नास्र क्लबविरुद्ध गोवा 2-1 ने हरला, पण गोव्याचा तो एक गोल आपल्या ब्रायसन फर्नांडिसचा होता!

सोयींचं म्हणाल तर 2014 च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषिक देशांच्या) क्रीडा स्पर्धेसाठी स्टेडियमचं मोठं नूतनीकरण झालं. प्रेक्षकक्षमता साधारण 19,000, फ्लडलाइट आहेत. 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक ज्या सहा शहरांत झाला, त्यांत हेही मैदान होतं. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटनही इथेच झालं. मडगाव स्टेशनवर उतरलात की रिक्षाने सहज पोहोचाल.