मधला आवाज कापू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामांचा खोका काल रात्री दुकान बंद केल्यावर उघडला. त्रेचाळीस कॅसेटी निघाल्या. बहुतेक सी-नव्वद, म्हणजे नव्वद मिनिटांच्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने 'एफआरएस' आणि खाली तारीख. ते काय असावं याचा तुला पत्ता लागला नव्हता. मला मात्र ती तीन अक्षरं वाचून खाली बसावं लागलं. एफआरएस म्हणजे फ्रायडे रॉक शो, बीबीसी रेडिओवरचा हार्ड रॉकचा कार्यक्रम. तुझे मामा लेस्टरला ज्या रात्री हे टेप करत होते, त्याच रात्री मी लंडनमध्ये, किंग्जबरीला मावशीच्या घरी, वरच्या खोलीत तेच ऐकत होतो. आम्हा दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

खोक्यात तुझी चिठ्ठी होती. 'मधली बडबड कापून फक्त गाणी काढून द्या, त्यातून मला ऑनलाइन हार्ड रॉक काउंटडाउन सुरू करायचाय, श्रोत्यांच्या मतांनी क्रम लावून.' काउंटडाउन जरूर सुरू कर, माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण ती बडबड मी कापणार नाही, आणि तूही कापू नयेस. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

यातली जवळजवळ सगळी गाणी आज तुला मोबाइलवर मिळतील, आणि या कॅसेटींपेक्षा स्वच्छ मिळतील. तिथे न मिळणारी गोष्ट म्हणजे दोन गाण्यांच्या मधला, कार्यक्रम सादर करणाऱ्या टॉमी व्हान्सचा तो खर्जातला, खरखरीत आवाज. श्रोत्यांची पत्रं वाचणारा, गाण्याआधी एकच वाक्य बोलून बाजूला होणारा. त्या काळी रेडिओ स्टेशनं प्रत्येक कार्यक्रम जपून ठेवत नसत. फीत महाग, ठेवायला जागा कमी. कित्येक कार्यक्रम आज उरलेत ते फक्त कुणा श्रोत्याच्या कपाटातल्या कॅसेटवर. तुझ्या खोक्यातलं एखादं टेप जगातलं एकमेव असू शकेल.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसताना तू काउंटडाउन केलास तर तो नुसता आकड्यांचा खेळ होईल.

फ्रायडे रॉक शो बीबीसी रेडिओ वनवर 17 नोव्हेंबर 1978ला सुरू झाला. दर शुक्रवारी रात्री 10 ते 12. निर्माता टोनी विल्सन, सादरकर्ता टॉमी व्हान्स. रेडिओ वन एरवी मीडियम वेव्हवर, खरखर आणि शिट्ट्यांसकट ऐकू यायचं. पण रात्री दहाला रेडिओ टूची व्हीएचएफ, म्हणजे एफएमची, फ्रिक्वेन्सी दोन तासांसाठी रेडिओ वनला मिळायची, आणि खोलीभर स्टिरिओ उघडायचा. सोमवार ते गुरुवार ती वेळ जॉन पील या दुसऱ्या सादरकर्त्याची, शुक्रवार आमचा. दहाच्या ठोक्याला डाव्या-उजव्या स्पीकरमधून दोन गिटारी वेगवेगळ्या ऐकू आल्या की अंगावर काटा यायचा. आठवडाभर मी दुसऱ्यांचे टीव्ही उघडून दुरुस्त करत असे, शुक्रवारची रात्र तेवढी माझी.

रेकॉर्ड किती तास वाजवायच्या यावर तेव्हा बीबीसीला करारानं बंधन होतं. त्याला 'नीडल टाइम' म्हणत. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेला तो करार. रेकॉर्ड अमुकच तास वाजवायच्या तर उरलेला वेळ कसा भरणार? म्हणून बँडना बीबीसीच्या मैदा व्हेल इथल्या स्टुडिओत बोलावून खास गाणी ध्वनिमुद्रित केली जात. बंधनातून केवढी चांगली गोष्ट निघाली बघ! आयर्न मेडन तिथे 14 नोव्हेंबर 1979ला चार गाणी वाजवून गेले आणि ती 14 डिसेंबरच्या शुक्रवारी लागली. तेव्हा त्यांचा पहिला अल्बमही आला नव्हता. मी ते ऐकलंय. दुसऱ्या दिवशी कामावर मी कुणाशी नीट बोलूच शकलो नाही. बोलणार तरी कुणाशी?

आता ज्या यादीबद्दल मला खरं सांगायचंय तिच्याकडे येतो.

मावशीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर किंग्जबरी सर्कलला प्रिन्स ऑफ वेल्स नावाचा पब होता. त्याच्या मागच्या हॉलमध्ये नील के नावाचा डिस्क जॉकी प्रचंड मोठ्या स्पीकरांवर नुसतं हार्ड रॉक आणि हेवी मेटल वाजवायचा. त्या जागेला साउंडहाउस म्हणत. शिवलेल्या बिल्ल्यांची डेनिम जाकिटं घातलेली पोरं पुठ्ठ्याच्या नाहीतर हार्डबोर्डच्या कापलेल्या गिटारी घेऊन यायची आणि डोळे मिटून त्या वाजवायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशीच थबकलो. हॉलभर लोकांत माझ्यासारखा दिसणारा मी एकटा. एका पोरानं हातातली पुठ्ठ्याची गिटार माझ्या हातात दिली आणि स्वतः दुसरी आणायला गेला.

तिथे लोक जी फर्माइश करत ती मोजून नील के यादी बनवायचा आणि ती 'साउंड्स' या साप्ताहिकात छापून यायची. 1979 साली त्या यादीत 'प्राउलर' पहिल्या क्रमांकावर गेलं. हे गाणं दुकानात मिळत नव्हतं. मेडननं 1978च्या शेवटच्या दोन दिवसांत केंब्रिजच्या एका स्टुडिओत मुद्रित करून नील के याला दिलेल्या डेमोतलं, म्हणजे नमुन्याच्या टेपमधलं, ते गाणं. रेकॉर्ड कंपनी नाही, जाहिरात नाही, आणि तरी एक नंबर, कारण हॉलमधली पोरं तेच मागत होती. पुढे बँडनं त्या डेमोतली तीन गाणी स्वतःच रेकॉर्डवर काढली आणि तिला नाव दिलं 'द साउंडहाउस टेप्स'. एका हॉलमधल्या श्रोत्यांचं ऋण रेकॉर्डच्या नावातच मान्य केलेलं.

उलट रविवारी संध्याकाळी लागणारा टॉप फॉर्टी बघ. तो विक्रीवर ठरायचा, सुमारे 300 दुकानांच्या नोंदींवर, आणि तेही फक्त सिंगल्सच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या. हार्ड रॉकवाली मंडळी घ्यायची एलपी. लेड झेपेलिननं एकत्र असेपर्यंत ब्रिटनमध्ये सिंगल काढलंच नाही. त्यांचं आठ मिनिटांचं 'स्टेअरवे टू हेवन' घराघरात होतं, पण रविवारच्या यादीच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हतं. म्हणून फ्रायडे रॉक शोला श्रोत्यांनी कार्डावर लिहून पाठवलेल्या कौलाची यादी आम्हाला प्राणापलीकडे होती. आपण किती आहोत हे आम्हाला त्या एकाच यादीतून कळायचं. आणि गंमत अशी की 1982 ते 1984 रविवारचा टॉप फॉर्टीही टॉमी व्हान्सच सादर करायचा. आवाज एकच. रविवारी तो गल्ल्यावरचा हिशेब वाचायचा आणि शुक्रवारी आमचा.

तुझ्या आजीला विचार, ती तुला बिनाका गीतमालेबद्दल सांगेल. बुधवारी रात्री आठ, रेडिओ सिलोन, अमीन सयानी. तिथेही दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची मतं मिळून पायदान ठरायची. आमच्या चाळीत ज्याच्याकडे रेडिओ, त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. त्यामुळे किंग्जबरीच्या हॉलमध्ये मी परका होतो, पण यादीची ओढ मला परकी नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

1986ला मी परत आलो आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे दुकान टाकलं. पुढच्या वर्षी एका मित्राच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत आम्ही रविवारी संध्याकाळी रेकॉर्ड ऐकायला जमू लागलो. वर्षाअखेरीला मी काउंटडाउन ठेवला. एकेचाळीस चिठ्ठ्या आल्या. 'स्कॉर्पियन्स'च्या 'स्टिल लव्हिंग यू'ला 14 मतं, डीप पर्पलच्या 'चाइल्ड इन टाइम'ला 9. मला वाटलं, असलं हळवं गाणं हार्ड रॉकच्या यादीत पहिलं कसं शोभेल? मी दोन्हींची अदलाबदल केली. कुणाला कळणार होतं?

एका मुलाला कळलं. हडपसरहून सायकलनं यायचा. प्रत्येकाला विचारून त्यानं वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघा मारून मोजणी केली होती. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, मोजायला काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही, बरोबर आहे." त्यानं मान डोलावली, सायकल काढली आणि निघून गेला. पुन्हा तो आला नाही. मी वर्षभर वाट पाहिली. त्या एकेचाळीस चिठ्ठ्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

म्हणून तुला सांगतो, यादी तुझी नाही. तुझ्या आवडीचं गाणं विसाव्या क्रमांकावर आलं तर विसाव्या क्रमांकावर वाजव, आणि तुला न आवडणारं पहिलं आलं तर तेही अखेरच्या सुरापर्यंत, मध्ये न बोलता वाजव. तुझी आवड दाखवायला तुला इतर भाग आहेत की. मतं मोजलीस की आकडे उघड कर. कुणी एकट्यानंच ज्याला मत दिलं ते गाणं यादीत येणार नाही, पण त्याचं नाव एकदा तरी घे. ते कार्ड पाठवणारा माणूस दोन तास त्या एका उल्लेखासाठी बसलेला असतो. मी बसलोय.

दरवर्षी तेच गाणं पहिलं येईल आणि तुला कंटाळा येईल. येऊ दे. न्यूयॉर्कचं एक क्लासिक रॉक स्टेशन 2001पासून दर नोव्हेंबरात 1,043 गाण्यांचा काउंटडाउन करतं आणि वर्षानुवर्षं तो 'स्टेअरवे'वरच संपत आलाय. लोकांना शेवट ठाऊक असतो, तरी ते थांबतात. गणपतीत 'सुखकर्ता दुःखहर्ता' यंदा बदलूया असं कुणी म्हणतं का?

आलेलं प्रत्येक पत्र, मेसेज, व्हॉइस नोट जपून ठेव. कॅलिफोर्नियात लाँग बीचला केएनएसी नावाचं स्टेशन होतं, 1986पासून अहोरात्र हार्ड रॉक आणि मेटल. 15 फेब्रुवारी 1995ला 'मेटालिका'चं 'फेड टू ब्लॅक' वाजवून ते बंद झालं आणि त्या फ्रिक्वेन्सीवर दुसराच कार्यक्रम सुरू झाला. तीन वर्षांनी त्याच नावाचं इंटरनेट स्टेशन उभं राहिलं, कारण ऐकणारे कुठे गेले नव्हते. गाण्यांच्या हक्कांचंही आधीच बघ. ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, शब्द आणि चालींसाठी आयपीआरएस, या दोन्ही संस्थांकडे चौकशी कर, नाहीतर तिसऱ्या भागालाच कार्यक्रम खाली उतरवला जाईल.

आता कॅसेटींचं. घाई करून त्या मशीनमध्ये घालू नकोस. आधी प्रत्येकीची वरची दोन्ही टॅब तुटलेली आहेत का बघ. नसतील तर तोड, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. मग फीत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे-मागे सावकाश फिरवून घे. चाळीस वर्षं घट्ट बसलेली असते, एकदम प्ले केली तर खेचली जाते. हेडला टेकणाऱ्या पत्रीवरचा नमद्याचा छोटा तुकडा बघ. तुझ्या खोक्यातल्या सहा कॅसेटींचे तुकडे सुटलेत, ते मी नवे चिकटवतोय. हेड आणि फीत पुढे ओढणारा पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दर दोन कॅसेटींनंतर पुसायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हेडशेजारचा छोटा स्क्रू. मामांच्या मशीनचा हेड ज्या कोनात होता त्याच कोनात आपला आणावा लागतो. झांजेचा आवाज ऐकत तो केसभर फिरवायचा. झांज आधी कांबळ्याखाली असल्यासारखी ऐकू येते, आणि एका क्षणी खणखणीत बाहेर येते. तिथे थांबायचं. हे मी तुला हाताला धरून शिकवेन, लिहून कळणार नाही.

सी-नव्वदची एक बाजू 45 मिनिटांची. म्हणजे पावणेअकराला बाजू पलटायची आणि साडेअकराला दुसरी कॅसेट. प्रत्येक कार्यक्रमात त्या जागी गाणं तुटलेलं आहे. त्या फटी नव्या गाण्यानं भरू नकोस, तशाच ठेव. तिथे तुझे मामा उठून उभे आहेत.

सुरुवातीच्या पाच कॅसेटी वेगळ्या आहेत. तेव्हा त्यांच्याकडे रेडिओ-कॅसेट एकत्र नसावा, रेडिओसमोर माइक ठेवून टेप केलेलं दिसतंय. त्यातल्या चौथीच्या दुसऱ्या बाजूला, श्रोत्यांच्या यादीच्या अगदी शेवटाकडे, गाणं संपून व्हान्स बोलायला लागतो तेवढ्यात मागून कुणीतरी मराठीत हाक मारतं, "अरे, जेवून घे, भात गार झाला." आणि माइकच्या अगदी जवळून, दबक्या आवाजात, "थांब रे, अजून दोन राहिलेत."

तू म्हणाली होतीस, मामांचा आवाज कुणाकडेच नाही. ती कॅसेट मी वेगळी काढून ठेवलीय. शनिवारी दुपारी ये, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. आईलाही घेऊन ये.

तुझा,
तपकीर गल्लीतला काका