थंड ताऱ्यांचा अवरक्त वर्णपट : 'शोषणरेषा' की 'शोषणपट्टा'?

थंड ताऱ्यांच्या अवरक्त (तांबड्या रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) वर्णपटाविषयी लिहिताना कार्बन मोनॉक्साइडने प्रकाश शोषल्यामुळे उमटणाऱ्या खुणांना कोणी 'शोषणरेषा' म्हणतात, तर कोणी 'शोषणपट्टे'. हे शब्द समानार्थी मानावेत का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते मानू नयेत. रेषा ही एकाच ऊर्जासंक्रमणाची, म्हणजे एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर जाण्याची, खूण असते. पट्टा हा अशा असंख्य रेषांचा समूह असतो. अणूत इलेक्ट्रॉनाची पातळी बदलते आणि सुटी रेषा उमटते. रेणू मात्र कंप पावतो आणि फिरतोही, त्यामुळे कंपनाच्या एकाच बदलासोबत परिवलनाचे अनेक बदल संभवतात आणि रेषांची दाट रांग तयार होते. मृग नक्षत्रातील काक्षीसारख्या, सुमारे ३५०० केल्विन तापमानाच्या ताऱ्याच्या वातावरणात कार्बन मोनॉक्साइडचे रेणू टिकून राहतात, आणि त्यांच्या कंपनांच्या खुणा अवरक्त भागातच उमटतात.

कार्बन मोनॉक्साइडचा २.२९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मीटरचा दशलक्षांश) तरंगलांबीपासून सुरू होणारा पट्टा पाहावा. तेथे रेषा एकमेकींवर इतक्या दाटतात की वर्णपटाचा आलेख कड्यावरून कोसळल्यासारखा एकदम खाली येतो, आणि पुढे अधिक तरंगलांबीकडे त्या विरळ होत जातात. या कड्याला 'पट्टशीर्ष' हा शब्द मला नेमका वाटतो. उपकरणाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची क्षमता, कमी असेल तर सलग पट्टा दिसतो, पुरेशी असेल तर त्याच जागी रेषा सुट्या होतात, म्हणून शब्द निवडताना आलेखात प्रत्यक्ष काय दिसते आहे ते आधी पाहावे.

हा भेद केवळ शब्दांपुरता नाही. कार्बन-१३ (नेहमीच्या कार्बन-१२ पेक्षा जड असलेला कार्बनचा प्रकार) असलेला रेणू जड असल्यामुळे सावकाश कंप पावतो आणि त्याचे पट्टशीर्ष २.३४ मायक्रॉनच्या पुढे सरकते. त्यावरून कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांचे प्रमाण काढता येते : सूर्यमालेत ते सुमारे ८९ आहे (कार्बन-१३ च्या एका अणूमागे कार्बन-१२ चे ८९), तर अनेक तांबड्या राक्षसी ताऱ्यांत, गाभ्याजवळचे अणुप्रक्रिया झालेले द्रव्य पृष्ठभागी आल्याने, २० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. हे मोजमाप करताना कार्बन-१२ च्या तीव्र रेषा संपृक्त झालेल्या असतात, म्हणजे रेणू वाढले तरी या रेषा तेवढ्या प्रमाणात खोल होत नाहीत. त्यामुळे अभ्यासक त्याच पट्ट्यातील क्षीण, सुट्या रेषा निवडून घेतात. अशा ठिकाणी 'पट्ट्याची खोली मोजली' असे लिहिणे चुकीचे ठरते, 'रेषांची तीव्रता मोजली' असेच लिहावे.