मुलांचं ‘संशयकल्लोळ’: नायकीण काढली की रेवतीचं काय करायचं?

ताई, तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांकडून गणेशोत्सवात ‘संगीत संशयकल्लोळ’ पाऊण तासात बसवायचंय आणि समितीने ‘जरा सभ्य करून आणा’ एवढंच म्हणून संहिता परत दिली, हे तुमचं वाचून आधी हसू आलं, मग राग आला. राग अर्थातच तुमच्यावर नाही. हेच नाटक, हेच वय, हेच इंदूर, आणि वाक्यसुद्धा अगदी हेच मी काही वर्षांपूर्वी ऐकलंय. पाठांतर, तालमीचं वेळापत्रक वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतच असणार.

पहिलं म्हणजे, गोविंद बल्लाळ देवलांच्या या नाटकाला कात्री लावायची म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. देवलांनी १८९३ साली हे गद्यात लिहिलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पदांसह ते गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणलं १९१६ मध्ये. मूळ गोष्ट आर्थर मर्फीच्या १७६१च्या इंग्रजी नाटकाची, आणि त्याने ती उचलली मोलिएरच्या १६६०च्या फ्रेंच नाटकातून. प्रत्येकाने आपापल्या प्रेक्षकाला झेपेल तसं कापलं, शिवलं. तुम्हीही शिवा. फक्त काय कापताय ते बघून कापा.

माझा सगळा घोळ इथेच झाला. म्हणजे मी केला नाही, माझ्यावर लादला गेला.

ज्या संस्थेचं सभागृह आणि कार्यक्रमातली वेळ आम्हाला मिळणार होती (नाव घेत नाही, इंदूर तसं लहानच आहे), तिच्या कार्यालयाने संहिता ‘पास’ करून घ्यायला सांगितलं. दिली. पोच मिळाली. त्यानंतर रोज नवं उत्तर: अध्यक्ष बाहेरगावी आहेत, बैठक झालीच नाही, फाईल अमक्यांकडे आहे. हरकती आल्या तेव्हा रंगीत तालीम तोंडावर होती. त्याही लेखी नाहीत, प्रत्येकाच्या तोंडून वेगळ्या. मूळ नाटकात रेवती नायकिणीच्या, म्हणजे पेशाने नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईच्या, घरातली; एकांना तो ‘नायकीण’ शब्दच नको होता. दुसऱ्यांना रेवती ‘चांगल्या घरातली’ हवी होती, तिचे वडील सरकारी अधिकारी दाखवा म्हणे. तिसऱ्यांनी कमालच केली. विवाहित बाईच्या हातात परपुरुषाची तसबीर शोभत नाही, त्याऐवजी ग्रीटिंग कार्ड द्या! तसबिरीच्या घोटाळ्यातून तसबीरच काढायची, मग घोटाळा कसला राहणार?

रेवतीला अधिकाऱ्याची मुलगी केली तर काय होतं, ते आमच्या अश्विनशेठने, दहावीतल्या पोराने, एका वाक्यात सांगितलं: ‘‘काकू, मग याला प्रॉब्लेम काय आहे?’’ बरोबर होतं त्याचं. अश्विनशेठचा जीव रेवतीवर आहे, पण ती ज्या घरातून येते त्याबद्दल लोक जे बोलतात ते त्याच्या डोक्यातून जात नाही. म्हणून तर एक हरवलेली तसबीर हातोहात फिरते आणि तो लगेच वाईटावर विश्वास ठेवतो. ते घर काढलंत की तो नुसता मूर्ख दिसतो, आणि मूर्ख माणसाचा संशय पाच मिनिटांत कंटाळवाणा होतो.

शेवटी मी जे केलं ते तुम्हीही करून बघा. रेवती गाणारणीची मुलगी. आई चारचौघांत गाते, घरी मैफली होतात, गावात कुजबुज आहे. ‘नायकीण’ शब्द एकदाही नाही, पण कुजबुज तशीच आहे. मुलांना ते चटकन कळलं, आणि प्रेक्षकांतल्या आज्यांना तर सगळंच कळलं. ‘ही बहु चपल वारांगना’ हे पद मात्र सरळ वगळा. तेराच्या मुलांना त्यातला शब्द समजावत बसण्यात तालीम जाते, आणि पाऊण तासात तशीही सगळी पदं बसत नाहीत. (शुद्धतावादी मंडळींनी मला बोलायचं ते बोलावं. मोठ्यांच्या प्रयोगात मी ते पद वगळू देणार नाही.)

दुसरी अवघड जागा म्हणजे रेवतीला भोवळ येते आणि फाल्गुनराव, नाटकातला संशयी नवरा, तिला सावरतो तो प्रसंग. मोठे नट तिथे काय काय करतात ते आपण पाहिलंय. मुलांकडून धराधरी अजिबात नको. तशी केली तर दोघंही लाजतात, विंगेतले फिदीफिदी हसतात आणि प्रसंग तिथेच मरतो. मी रेवतीला कट्ट्यावर बसवली आणि फाल्गुनरावाने दोन हात लांब उभं राहून उपरण्याने वारा घातला. त्याची बायको कृत्तिका खिडकीतून बघते तिथून फक्त पाठ दिसते आणि हलणारं उपरणं. संशयाला तेवढं पुष्कळ झालं. खरं सांगायचं तर स्पर्शापेक्षा हे जास्त विनोदी दिसलं, कारण प्रेक्षकाला दिसतं की काहीच घडत नाहीये.

नवराबायकोचा संशय या वयाला झेपतो का, असंही तुम्ही विचारलंय. माझ्या मते झेपतो. लग्न मुरलेला, थकलेला प्रौढ नवरा त्यांना जमत नाही, पण जळफळाट छान जमतो. कोण कोणाला ‘सीन’ करून उत्तर देत नाही, कोणाचं ‘लास्ट सीन’ किती वाजताचं, यावर त्यांची आयुष्यं चाललीयेत. तालमीत हे बोलून घ्या. रंगमंचावर मोबाईल आणू नका, एवढी विनंती. फाल्गुनरावाच्या हातात फोन दिला की मुलं खूश होतात आणि नाटकाची वाट लागते. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या एखाद्या धीट मुलीला देऊन बघा, आमच्याकडे सगळ्यात जास्त टाळ्या तिनेच घेतल्या.

आता परत त्या कार्यालयाकडे, कारण खरं नुकसान पुढे झालं. संहिता त्यांच्याकडे पडून असताना कोणीतरी बाहेर बोललं की मुलांकडून ‘तसलं’ नाटक करून घेतायत. ते आमच्या रेवतीच्या आईच्या कानावर गेलं, आणि रेवती नाटकातून गेली. पदं घोटून घेतलेली, कानाला गोड, ऐन वेळी गेली. आईशी मी बोलले, त्यांचं म्हणणं एकच: ‘‘तुमच्यावर विश्वास आहे हो, पण लोक...’’ म्हणजे नाटकातलंच वाक्य! दुसरी मुलगी उभी केली, तिने निभावलं, पण पदं निम्मी झाली. आणि त्याच रंगमंचावर दुसऱ्या दिवशी सहावी-सातवीच्या मुलींनी चित्रपटातल्या आयटम गाण्यावर समूहनृत्य केलं. त्याला कोणी पास-नापास केलं नव्हतं. पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. असो.

आणि हो, त्याच मंडळींनी मला ‘त्यापेक्षा शारदा करा, संस्कारी आहे’ असं सुचवलं होतं. १८९९चं ‘शारदा’ थोर नाटक आहे, वादच नाही. पण त्यात पैशासाठी बाप कोवळी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो. ते चालतं, गाणारणीची मुलगी चालत नाही. माझं हे मत टोकाचं वाटलं तर सोडून द्या.

म्हणून सांगते, कोणत्याही कार्यालयाच्या आधी पालकांना बोलवा. कोणाच्या तरी हॉलमध्ये सगळी संहिता, कापलेल्या जागांसह, मोठ्याने वाचून दाखवा. चहा-पोहे ठेवा. नायकीण का काढली, गाणारीण का ठेवली, हे तुमच्या तोंडून त्यांना कळू दे. मग कार्यालयात जा, आणि पान क्रमांक घालून लेखी हरकती मागा, एकाच माणसाच्या सहीने. तोंडी हरकतीला हसून ‘लिहून द्या ना’ म्हणायचं. निम्म्या तिथेच विरतात. सगळ्या संस्था अशा नसतात, हेही नोंदवते. तुमची समिती कदाचित नुसती आळशी असेल.

हक्कांचं कोणी घाबरवलं तर: मी वकील नाही, पण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी नाटक मोकळं होतं, आणि देवल गेले १९१६ मध्ये. कोणाची अलीकडची संपादित रंगावृत्ती उचलणार असाल तर मात्र त्यांना विचारा. आणि उद्या विचार बदलून एखादं नव्या लेखकाचं वगनाट्य घेतलंत तर असं मनाने कापू नका. त्याची परवानगी तर लागेलच, शिवाय कलाकृतीची मोडतोड झाली म्हणून हरकत घेण्याचा लेखकाचा हक्क कायद्यात वेगळा आहे.

गाण्याबद्दल थोडं. या वयात मुलांचे आवाज फुटत असतात, त्यामुळे रेकॉर्डवरची पट्टी धरू नका, आणि कराओके ट्रॅक तर नकोच. आज ज्या पट्टीत पोरगा आरामात गातो ती प्रयोगापर्यंत खाली आलेली असू शकते. पेटीवाला सोबत असेल तर तो ऐनवेळी पट्टी उतरवतो, ट्रॅकला ते सुख नाही. मुखडा, एक अंतरा, तानांचा हट्ट नाही. आपल्याकडची हिंदी माध्यमाची मुलं ‘चांगला’मधला च ‘चार’सारखा म्हणतात आणि ‘ळ’चा ‘ल’ करतात, ते पदांत फार उघडं पडतं, म्हणून पदं आधी नुसती वाचून घ्या. तालमीआधी कचोरी आणि जीरावन (आपला इंदुरी मसाला) बंद.

धोतराखाली हाफपँट आणि कमरेला पट्टा, सेफ्टी पिनवर भरवसा नको. मुलींना शिवलेली नऊवारी. आणि वेळ साडेसातची मागा, लेखी. आरती, सत्कार, बक्षीसवाटप करत करत तुमचा नंबर नऊला येतो, दहाला लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो, आणि मग कापलेलं नाटक तुम्हाला रंगमंचावर उभ्याउभ्या पुन्हा कापावं लागतं.