फ्रेटची टोकं बोचतात तेव्हा

प्रश्न : मुलीसाठी गेल्या श्रावणात ॲकुस्टिक गिटार घेतली, तेव्हा नेक (लांब दांडी) अगदी गुळगुळीत होती. आता एप्रिलमध्ये कडेवरून हात सरकवला की फ्रेटची टोकं करवतीसारखी लागतात. तर्जनीवर ओरखडे उठलेत. गिटार सदोष निघाली का? टोकं घरी घासता येतील?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : गिटार सदोष नाही. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, वाढलेले नाहीत, लाकूड आक्रसलं आहे. पावसाळ्यात फुगलेला फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सुकतो आणि रुंदीत किंचित घटतो. धातू मात्र तेवढाच राहतो, म्हणून टोकं बाहेर डोकावतात. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ घटत नाही, त्यामुळे सूर त्या मानानं जागेवर राहतात.

म्हणूनच कानस शेवटी. आधी गिटार दहा-पंधरा दिवस केसमध्ये बंद ठेवा. सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक). आर्द्रता 45 ते 55 टक्के राहिली पाहिजे. एसीच्या खोलीत किंवा कूलरच्या थेट झोतात गिटार नको. ही पायरी गाळू नका, कारण इतकं सुकलेलं वरचं पान (पेटीची पुढची पातळ फळी) तडकलं तर ते दुखणं फ्रेटपेक्षा फार मोठं आहे.

एवढं करूनही जे बोचेल तेच घासायचं. त्याआधी प्रत्येक टोक अंगठ्यानं दाबून बघा. ते खाली-वर हलत असेल तर फ्रेट खाचेतून सुटला आहे आणि घासून काही होणार नाही. तो बसवून चिकटवायचं काम कारागिराचं.

साहित्य : सहा इंची बारीक दातांची सपाट कानस, छोटी तीनधारी कानस, मास्किंग टेप, 400, 800 आणि 1500 नंबरचे पॉलिश पेपर. इंदूरच्या सियागंज बाजारात हे सगळं मिळतं. तीनधारी कानशीच्या कडा आधी दगडावर घासून गुळगुळीत करा, नाहीतर प्रत्येक फेरीला लाकडावर रेघ उमटेल.

तारा काढा. फ्रेटच्या मधल्या लाकडावर आणि नेकच्या बाजूला टोकांच्या अगदी खालून टेप लावा. सपाट कानस नेकच्या लांबीत, एका वेळी तीन-चार फ्रेटवर टेकेल अशी उभी धरा आणि हलक्या हातानं पुढे ढकला. मागे आणताना उचला. सुरुवातीला प्रत्येक टोकाचा वेगळा टक्-टक् आवाज येतो. टोकं लाकडाशी समतल झाली की तो एकसंध होतो, तिथे थांबा. टोकांचा तिरपा उतार मात्र आणखी वाढवू नका. उतार आत सरकला की पहिली तार वाजवताना कडेवरून घसरते, आणि कापलेला धातू परत येत नाही.

आता खरं वेळखाऊ काम. 20 फ्रेट म्हणजे 40 टोकं आणि प्रत्येकाला दोन कोपरे. तीनधारी कानशीची गुळगुळीत कड लाकडाकडे ठेवून प्रत्येक कोपऱ्यावर तीन-चार वेळा हलका हात फिरवा, वरून खाली. खालून वर ओढलं तर टोक उचकटू शकतं. मग पेपर बोटाभोवती गुंडाळून क्रमानं फिरवा. शेवटी कापसाचा बोळा कडेवरून सरकवा. जिथे तंतू अडकतील तिथे धार शिल्लक आहे. बोटाला न लागणारी धारही कापूस पकडतो.

प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारचे फ्रेट घासले. कीस पिकअपला चिकटेल का? आणि लाकूड पांढरट दिसतंय, खोबरेल चालेल?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नेहमीचे फ्रेट निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. त्यांचा कीस पिकअपच्या, म्हणजे तारांखाली आवाज टिपणाऱ्या भागाच्या, चुंबकाला चिकटत नाही. चिकटतात ते स्टील वूलचे (घासायच्या बारीक पोलादी तारांच्या बोळ्याचे) तुकडे, म्हणून ते वापरायचं असेल तर पिकअप टेपनं पूर्ण झाका. खोबरेल नको. ते खवट होतं, थंडीत गोठतं. केमिस्टकडच्या बिनवासाच्या लिक्विड पॅराफिनचे दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन चोळा आणि दहा मिनिटांनी कोरडं पुसा. हे फक्त रोजवुड किंवा एबनीच्या बिनपॉलिशच्या फ्रेटबोर्डला. मेपलच्या लॅकर दिलेल्या फ्रेटबोर्डला तेल लावू नका, सुकं फडकं पुरे.